रेषा शिवून परत पळालो!

मंडळी, आज निघालेलो मोहने गावाला भावाकडे. मानपाड्याच्या ग्राउंडवर रग्बी दिसली, थांबलो. आमच्याच कॉलेजची टीम, पण सातऐवजी सहाच जण.

कॅप्टन ओंकार ओरडला, "भावा, कबड्डी खेळतोस ना? ये आत! आज सात झाले नाहीत तर सर क्लब बंद करणारेत."

उतरलो. बॉल हातात आला, सुसाट पळालो, शेवटची रेषा शिवली आणि सवयीने उलटा फिरलो!

ओंकार बोंबलला, "अरे येड्या, बॉल रेषेपलीकडे टेकवायचा!"

परत रेषेकडे पळालो. समोरचे हसून हसून खाली बसलेले, कोणी पकडलंच नाही. बॉल टेकवला. सीझनमधले आमचे पहिले पॉइंट!

मॅच हरलो. तरी सर म्हणाले, "क्लब चालू. फक्त याला आधी रग्बी शिकवा."

तुम्ही कधी असे वाटेत थांबून एखाद्या टीमचे झालात का?