रूथच्या ओळीतला गं

रविवारची चर्चमधली उपासना आटोपून, जेवून एस्तेरबाई उजागरे आरामखुर्चीत बसतात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. मांडीवर मंडळीच्या गीतपुस्तकाची नवी प्रुफं, हातात लाल पेन्सिल. पाच वाजता पाळकसाहेब प्रुफं न्यायला येणार आहेत आणि राहिलंय एकच पान. चार दिवस त्या ते पान मागे ढकलताहेत.

त्या पानावर रूथचं गीत आहे. रूथ त्यांची धाकटी बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. उभ्या जन्मात तिनं हे एवढं एकच गीत लिहिलं, तिचा आठ महिन्यांचा योना तापानं गेला तेव्हा. एस्तेरबाईंची याच पुस्तकात सत्तावीस गीतं आहेत. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाई, एक मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही. पण जालन्यात कुणाच्याही घरी माती असो, मंडळी गाते ते रूथचंच. "झोपला गं आत्ताच, प्रभो, हळू ने." त्या 'गं'वर चाल अडखळते, पेटीवाला हात उचलतो, आणि नेमके तिथेच बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. एस्तेरबाईंच्या गीतांना लोक "छान आहे हो" म्हणतात. ते 'छान' त्यांना वर्षानुवर्षं टोचत आलंय.

"प्रभूला कुणी गं म्हणतं का?" असं पुटपुटत त्या 'गं'वर लाल काट मारतात. ओळ सरळ होते. डोळे जड होतात. पेन्सिल हातातून सुटते, पण खाली पडल्याचा आवाज काही येत नाही.

वाकून पाहतात तर पायाखाली चौथीच्या वर्गातली फरशी आहे. बाकांवरून दोरी गेलीये, दोरीवर तान्ह्या बाळाची दुपटी वाळताहेत. मागच्या बाकावर रूथ बसलीये, गुडघे बाकात अडकलेत, आणि बोटांवर काहीतरी मोजतेय.

"काय मोजतेस?"

"मात्रा. चुकताहेत नेहमीसारख्या. तूच मोजून दे की, ताई."

"तुला कशाला हव्यात मात्रा? तुझं रडून भागतं."

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये, हे एस्तेरबाईंना कळतं. पण तोंड थांबत नाही. "मी एकेका शब्दासाठी महिना महिना घालवला. तू एकदा रडलीस आणि सगळी मंडळी तुझी झाली."

"मी कुठे रडले?" रूथ म्हणते. "लिहिताना एक टिपूस आलं नाही. सामानाची यादी करावी तसं लिहिलं. रडू आलं असतं तर रडतच बसले असते. लिहिलं कोणी असतं?"

एस्तेरबाईंना हे पटत नाही, आणि त्याहून जास्त म्हणजे आवडत नाही. इतकी वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली होती, की ती करामत दुःखाची होती, रूथची नव्हे. असं दुःख आपल्या वाट्याला आलं असतं तर आपणही लिहिलं असतं. बहिणीच्या गेलेल्या लेकराचासुद्धा हेवा वाटावा! त्यांना लाज वाटायची, तरी तो विचार यायचाच.

"मग लोक का रडतात?"

रूथ उठून दुपटी बाजूला सारते. पलीकडे तिचं पत्र्याचं घर आहे. उंबऱ्यात एस्तेरबाई स्वतःच उभ्या आहेत, एकतीस वर्षांच्या, हातात पेजेचं पातेलं, चपला फटफट वाजवत आलेल्या. आत रूथच्या मांडीवर योना. रूथ ओठांवर बोट ठेवते आणि दबक्या आवाजात म्हणते, "झोपला गं आत्ताच."

एस्तेरबाईंनी तेव्हा वाकून लेकराच्या कपाळाला हात लावला होता. कपाळ गार होतं. चपला काढून, पाय न वाजवता, रूथच्या शेजारी बसून राहिल्या होत्या, तिचं तिला कळेपर्यंत.

"तो गं तुला आहे, ताई. प्रभूला नाही."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"मीही लिहिलं योनावर," एस्तेरबाई म्हणतात. "सहा कडवी."

"वाचली की. त्यात स्वर्गाची दारं होती, देवदूत होते. तू चपला काढल्यास ते नव्हतं."

"ते काय गीतात घालतात?"

"मला दुसरं काही सुचलंच नाही गं."

दारात आपण होतो, गार कपाळ आपल्या हाताला लागलं, आणि ओळ मिळाली हिला! "मी ऐकली होती ती," एस्तेरबाई ओरडतात. "मी लिहायला हवी होती. माझी होती!"

"तर मग म्हण." रूथ त्यांचं उजवं मनगट पकडते. पकड घट्ट आहे, दुखेल इतकी. "म्हण, ताई."

एस्तेरबाई म्हणू लागतात. 'गं'पाशी आवाज फुटतो. इतक्या वर्षांत कधी बेसूर न झालेल्या बाई, भर वर्गात बेसूर होतात. रूथ हात सोडत नाही, ओळ संपेपर्यंत.

फाटकाची कडी वाजते.

"बाई, झाली का प्रुफं?"

एस्तेरबाई दचकून उठतात. पेन्सिल खुर्चीखाली सापडते. लाल काटेशेजारी त्या घाईघाईनं लिहितात, 'आहे तसंच ठेवा', आणि कागद पाळकसाहेबांच्या हातात देतात.

पाळकसाहेब तिथेच ते पान बघतात. "बरं केलंत. रूथबाईंच्या गीताला हात लावूच नये. काळजातून आलंय ते."

एस्तेरबाईंना पुन्हा टोचतं, अगदी पहिल्याइतकंच. त्या "हो" म्हणतात.

"हाताला काय झालं हो?"

त्या मनगट बघतात. वरच्या बाजूला चार लालसर वळ, आतल्या बाजूला एक जाड. "काही नाही, अवघडला असेल," म्हणून त्या पदर ओढून घेतात.

पाळकसाहेब गेल्यावर त्या पदर बाजूला करतात आणि आपला डावा हात त्या वळांवर ठेवून पाहतात. बोटं जुळत नाहीत. वळ त्यांच्या बोटांहून बारीक आहेत.