मेश्राम गुरुजींची पकड

चि. मधुकर, आणि मुर्री गाव सोडून माझ्यासारखेच दूर गेलेल्या सर्वांस,

निघालो त्या सकाळी आपल्या अंगणात माझ्या जुन्या गाडीची डिकी उघडी होती आणि बाबांची पत्र्याची पेटी तिच्यात मावत नव्हती. पेटीची एक कडी धरून तू म्हणालास, "भाऊ, हे भंगार कायले घेऊन जाऊन राहिला? पुण्यात सारं भेटते." मी अंथरुणाची वळकटी काढून तुझ्या हाती दिली आणि पेटी आत सारली. पत्नी गेल्यावर मुलाकडे कायमचे राहावयास निघालेल्या माणसाने अंथरूण मागे ठेवावे आणि हत्यारे सोबत न्यावीत, याचे कारण मी त्या वेळी दिले नाही. आज लेखी देतो.

बाबा राईस मिलमधले फिटर. आपल्या दारी कोणाचेही इंजिन उघडले आणि नेमके हवे ते हत्यार नसले, की ते मिलच्या भंगारात हात घालत. "विकत आणाले काऊन धावतेस? इंजिनच सांगते त्याले काय पायजे ते," असे ते म्हणत. लोखंडी पट्टीला करवतीने दात पाडून त्यांनी फ्लायव्हील अडवायचा अडसर केला. जुना पट्टा नळीत ओवून ऑइल फिल्टर फिरवायची कैची केली. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबण्यासाठी सी-क्लॅम्पच्या तोंडाला खिडकी कापलेली नळी जोडून पकड केली, म्हणजे दाबलेल्या स्प्रिंगमधून व्हॉल्व्ह अडकवणारे बारीक लॉक काढता-घालता येई.

आणि त्यांचा नियम तुला ठाऊकच आहे. हत्यार करणाऱ्याचे नाव हत्याराला नाही. आपल्या गाडीपुरते ते बिननावाचे. बाहेरच्या ज्या माणसाची गाडी त्या हत्याराने प्रथम दुरुस्त होईल, त्याचे नाव हत्याराला लागायचे. म्हणून पटल्यांचा अडसर, बिसेन डॉक्टरांची कैची, मेश्राम गुरुजींची पकड. गुरुजी वारले त्या दिवशीही आई म्हणाली होती, "गुरुजीची पकड जागेवर ठेव, बापा."

येथील हकीकत अशी. गाडी धूर ओकू लागली, म्हणून मी पार्किंगमध्येच हेड उतरवले, व्हॉल्व्ह काढले आणि ते घासण्यासाठी सर्व वर गॅलरीत नेले. पेटी गाडीजवळ राहिली. तेवढ्यात सोसायटीने स्वच्छता मोहीम काढली आणि कोणतीही पूर्वसूचना न देता पेटी भंगारवाल्याच्या स्वाधीन केली. त्याच आठवड्यात मला नोटीस आली: बंद वाहन पंधरा दिवसांत हलवावे, अन्यथा ते उचलण्यात येईल. म्हणजे हत्यारे यांनी न्यायची आणि गाडी का चालत नाही, हेही यांनीच विचारायचे!

मी चाळीस वर्षे गोंदियाच्या तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले. येथे स्वतःसाठी सात लिहिले. कोणत्या उपविधीन्वये, कोणाच्या आदेशाने, कोणता पंचनामा करून, असे मुद्देसूद विचारले. सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाले, "काका, एवढ्याशा डब्यासाठी किती पत्रं? नवीन टूलकिट मिळते की ऑनलाइन." मुलगा म्हणाला, "बाबा, टो करून गॅरेजला देऊ या ना." त्याचे चुकत नाही. त्याला येथे राहायचे आहे, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्याला माझ्याविषयी विचारतो.

सातव्या पत्रास उत्तर म्हणून एक छापील नमुना आला. वस्तूचे नाव, उत्पादक, मालकीचा पुरावा. मी चष्मा लावून बसलो. पहिल्या ओळीत लिहिले: मेश्राम गुरुजींची पकड. दुसऱ्या ओळीत पटल्यांचा अडसर. अकरा ओळी भरल्या आणि माझ्या ध्यानी आले की मी हत्यारांची यादी करत नसून आपल्या गल्लीची हजेरी घेत आहे. मालकीच्या रकान्यात काय लिहावे? वस्तू माझी, नाव दुसऱ्याचे. जगात कोणतीही समिती असा दावा मान्य करणार नाही. मीदेखील कोणाला असा अर्ज लिहून दिला नसता.

कागद बाजूला सारला. सोसायटीच्याच प्लंबरकडून लोखंडी नळीचा एक तुकडा मागून घेतला, गॅलरीत बसून करवतीने त्यात खिडकी कापली, वर पट्टी ठेवून साध्या क्लॅम्पने स्प्रिंग दाबली. दोनदा निसटली. अंगठा फुटला. तिसऱ्यांदा सुनेने नळी धरली आणि मी ग्रीस लावून लॉक बसवले. ती एवढेच म्हणाली, "बाबा, डोळे सांभाळा." चौदाव्या दिवशी गाडी सुरू झाली. मी ती फाटकाबाहेर नेली, परत आणली आणि त्याच जागी उभी केली. समितीस कळवले. पोच नाही.

मधुकर, मी थकलो आहे. भांडणाने नव्हे, त्याची मला सवय आहे. येथे माझे हत्यार मागायला कोणी येत नाही, त्याने थकलो. माझ्या वस्तूला शेजाऱ्याचे नाव लागावे, एवढेच घर मला ठाऊक होते. ती पेटी मला म्हणूनच सोडवत नव्हती.

भरलेला नमुना समितीकडे न पाठवता तुझ्याकडे पाठवीत आहे. अकरा नावांपैकी जे हयात असतील त्यांच्यापुढे खूण करावी आणि माझा नमस्कार सांगावा. बारावी ओळ नव्या पकडीची आहे. तिचे नाव कोरे ठेवले आहे, खोडलेले नाही. पकड गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते; जिन्यातून जाणाऱ्याला दिसेल अशी.

तुझा भाऊ