साफ आवाजाचा रेडिओ

बदनापूर स्टेशनाजवळच्या त्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलं नाही. इतका उर्मट माणूस! डोंगरात भटकताना हवामान ऐकायला मला हलका रेडिओ हवा होता. काचेतला सगळ्यात छोटा सेट मी तळहातावर तोलत होतो, तर त्यानं तो हिसकावूनच घेतला.

"भाजी तोलून राह्यले का? ह्याच्यात निस्ता एफएम हाये. गाण्याला ठीक."

मग विटेएवढा जुना रेडिओ त्यानं माझ्यासमोर आदळला आणि मिडियम वेव्हवर लावला. नुसती खरखर.

"हा तर बिघडलाय," मी चिडून म्हणालो.

"बिघडला न्हाई! लांब कुठं ईज चमकली तरी हा कडकडतो. कडकड वाढली की जल्दी खाली उतरायचं."

"पण वजन केवढं! हलक्यानं काय होतं?"

त्यानं हातातला पेचकस टेबलावर आपटला.

"माझ्या भावाला मीच हलका दिल्ता. मेंढरं घेऊन टेकडीवर गेल्ता. ईज पडल्या झाडाखाली सापडला, तवा बाजूला पिशवीत रेडिओ चालूच व्हता. गाणं एकदम साफ."