पंचपाळ्यातले पाच रंग

सरोजिनीबाईंचं डोकं फिरलं ते शेखरच्या बाराव्या मेसेजने. "काकू, कागद तीनशे जीएसएमचाच घ्या, जाड, कॉटनचा. आणि ब्रश सेबलचा. ट्रॅव्हल ब्रश, टोपणवाला." खाली अंगठा, फूल आणि जोडलेले हात. इकडे कणीक अर्धी मळलेली, भाजी फोडणीला टाकलेली, आणि हा बाबा सकाळी सातला सेबल सेबल करतोय! सेबल म्हणजे काय, तर रशियातलं कुठलंसं मुंगसासारखं जनावर. त्याच्या शेपटीच्या केसांचा म्हणे ब्रश. पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरात तो आणायचा आणि देवघराशेजारी टांगायचा! बाईंनी पिठाच्या हातानेच फोन पालथा घातला.

शेखर तसा चांगला मुलगा, आर्किटेक्ट. दर रविवारी सकाळी पाच-पंचवीस माणसं जमवून गावात कुठेतरी चित्रं काढायला बसवतो. गेल्या वर्षी ही मंडळी गंगेवर बसली होती. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. सरोजिनीबाई दुर्वा आणायला गेलेल्या, त्या शेखरच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, शिखर डावीकडे कललंय तुझं. देऊळ पडेल." शेखरने मोजून पाहिलं, खरंच कललेलं. "काकू, तुम्ही चित्रं काढता?" झालं! शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, त्यानंतर लग्न, आणि मग चौतीस वर्षं विश्वेशरावांच्या यजमानांचा स्वयंपाक. कोणाचे दहावे, कोणाचे तेरावे, कोणाचा नारायणनागबळी. हातात आली ती फक्त रांगोळी. आता सूनबाई आली, गुडघे बोलू लागले, आणि रविवारचे दोन तास बाईंनी भांडून स्वतःकडे घेतले होते.

पण त्या दोन तासांत चित्र काही होत नव्हतं, आणि एक चित्र तर व्हायलाच हवं होतं.

ते चित्र भागुबाईचं होतं. सायखेड्याची भागुबाई तीस वर्षं पहिल्या एसटीने यायची आणि घाटाच्या पायरीशी, काळ्या दगडी भिंतीला पाठ लावून बसायची. झेंडू, बेल, दुर्वा, पाण्यात दिवे सोडायचे द्रोण. सरोजिनीबाईंची रोजची गाठ तिथे. सासूचं दुखणं, मुलाचं लग्न, सगळं त्या दोघींनी झेंडूच्या ढिगावर बसून बोलून काढलेलं. आता घाटाचं काम निघालं होतं. मंगळवारपर्यंत सगळ्या बैठकी उठणार होत्या. भागुबाईला दुसरीकडे जागा मिळत होती, पण ती म्हणाली, "नाय जमायचं वयनी. गुडघं गेलं. आता केरूकडं घरीच बसते." केरू म्हणजे तिचा मुलगा. त्याला सुट्टी रविवारचीच, म्हणून रविवारी अकराला तो टेम्पो घेऊन सामान न्यायला येणार होता.

आणि महिन्यापूर्वी भागुबाईने हळूच विचारलं होतं, "माझ्या जागेचं एक चित्र काढून द्याल का? घरी बसून करायचं काय? बघत बसंन."

"अगं, फोटो काढ की."

"फोटू लय हायेत. केरूच्या मोबाईलात. मोबाईल केरूच्या खिशात आन् केरू मळ्यात."

"पुढच्या रविवारी देते," बाईंनी सांगून टाकलं. त्याला आता तीन रविवार झाले होते.

पहिल्या रविवारी शेखरच्या सांगण्यावरून ॲल्युमिनियमची तिपाई नेली होती. घडी घालता येते, वजन काही नाही, वर बोर्ड बसतो. सगळं खरं. पण घाट उठवायच्या दिवसांत घाटावर तिपाई उभी करायची म्हणजे काय, हे ना शेखरला कळलं ना बाईंना. "मोजणी आली, मोजणी!" तिपाई बघून कोणीतरी ओरडलं. नारळवाल्याने ताडपत्री आत ओढली, बांगडीवालीने पेट्या उचलून भिंतीशी लावल्या, आणि भागुबाईने तर घाबरून अर्धा झेंडू पदराखाली घेतला. जे चित्र काढायचं, ते डोळ्यांदेखत आक्रसत चाललेलं! एक जण कागदपत्रं घेऊन आला आणि "मॅडम, आमचं नाव यादीत बघा ना" म्हणत तासभर हटला नाही. बाई गेली तीस वर्षं त्याच्याकडून नारळ घेत होत्या. तिपाईपुढे त्याला त्या ओळखूच आल्या नाहीत.

दुसऱ्या रविवारी ट्यूबा नेल्या. "काकू, ट्यूबचा रंग ताजा असतो." ताजा होता खराच. पिशवीतच फुटला, आणि निळा रंग विश्वेशरावांच्या सोवळ्याच्या पंच्याला लागला. त्यावरून घरात जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. शिवाय स्वस्तातला कागद घेतलेला, तो पाणी लागताच उन्हात घातलेल्या पापडासारखा चारी बाजूंनी वळला.

तिसऱ्या रविवारी पाण्याचा ब्रश. त्याच्या दांड्यातच पाणी भरायचं, दाबलं की केसांतून झिरपतं. वेगळी वाटी नको, सांडलवंड नको, केवढी सोय! बाईंनी भागुबाईचं नाक काढायला जरासा दाबला, तर पिचकारी उडाली. नाक, कपाळ, कुंकू सगळं ओघळून झेंडूत गेलं. "काकू, प्रेशर कंट्रोल करायचं," शेखर मागून म्हणाला.

"प्रेशर मला तुझं आलंय, शेखर!" बाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

आता उरला होता एकच रविवार. शनिवारी दुपारी बाईंनी सगळं सामान ओट्यावर मांडलं. तिपाई, चोवीस ट्यूबा, तीन पाण्याचे ब्रश, प्लॅस्टिकची घडीची वाटी, रंग कालवायच्या दोन थाळ्या. मुंबईला बाळंतपणाला निघाल्यासारखं गाठोडं, आणि कशासाठी, तर एक पायरी आणि एक बाई रंगवायला! बाईंना स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. लोकांचं ऐकत बसले मी. साठीला आले तरी मला काय लागतं ते मला दुसऱ्याने सांगायचं?

त्या उठल्या आणि कपाटातून पंचपाळं काढलं. हळदीकुंकवाचं, पितळेचं, लग्नातलं, मधे उभी दांडी आणि भोवती पाच वाट्या. पाच वाट्या म्हणजे पाच रंग, सहावा बसतच नाही, मग वादच संपला. झेंडूला पिवळा. लाल. निळा. दगडाला काळपट तपकिरी. पानांना हिरवा. नारिंगी आपण पिवळ्या-लालातून करू, आणि पांढरा म्हणजे कागद. ट्यूबा पिळून वाट्या भरल्या आणि पंचपाळं गच्चीवर उन्हात वाळत ठेवलं.

"अगं, पंचपाळ्यात रंग?" विश्वेशराव दारातच थबकले. "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तीन आठवडे पुष्कळ म्हटलंय. पंचपाळं कपाटात पडून आणि मी कुंकू लावते वाण्याच्या डबीतून, तेव्हा कोणी काही म्हटलं नाही."

ब्रश एकच घेतला, आठ नंबरचा, नायलॉनचा. कागदाच्या बाबतीत मात्र शेखरचं ऐकलं, कारण तिथे तो बरोबर होता. जाड कागदाचं छोटं पॅड घेतलं. पाण्याला तांब्याचं फुलपात्र, जड बुडाचं, सांडायला नको. बसायला चटईचा तुकडा. सगळं पूजेच्या पिशवीत मावलं. बाईंनी पिशवी खांद्याला लावून पाहिली. इतकं सोपं होतं तर तीन आठवडे मी झक मारत होते का, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी आठलाच त्या भागुबाईच्या समोर जाऊन बसल्या. भागुबाई धुवट हिरवं लुगडं नेसून आलेली, केसाला तेल लावून. "मी हालत नाय बघा," म्हणाली आणि श्वास धरून बसली.

"अगं, श्वास घे. तुला शेवटी काढते. आधी पायरी, भिंत, टोपल्या."

पेन्सिलीच्या रेषा झाल्या. पिवळ्याचा पहिलाच हात असा लागला की बाईंना स्वतःच्या बोटांचं कौतुक वाटलं. आणि तेवढ्यात समोर एक कपाळ आलं.

"आजी, कुंकू लावा."

चांदवडकडचं कुटुंब होतं, स्नान करून ओल्या केसांनी आलेलं. गंगेच्या पायरीवर सवाष्ण बाई, पुढ्यात पंचपाळं, शेजारी तांब्याचं फुलपात्र. दुसरं काय समजणार ते? बाईंनी "अहो, हा रंग आहे" म्हणेस्तोवर एकीने लालात बोट बुडवून स्वतःला लावलं, सुनेला लावलं आणि वाकून नमस्कार केला. तिच्या मागे दुसरी. दुसरीच्या मागे रांग. घाटावर रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, मग विचारतो. "रंग आहे हो, चित्राचा रंग!" बाई ओरडत होत्या आणि लोक म्हणत होते, "असू द्या आजी, लावा." कोणीतरी भक्तिभावाने रुपया ठेवला, तो नेमका कागदावरच्या ओल्या झेंडूत. एका म्हाताऱ्याने तर तळहात पुढे केला आणि तीर्थ मिळेना म्हणून फुलपात्रातलं स्वतःच घेतलं.

"आजोबा, थुंका! अहो, थुंका ते!"

"कडसर लागतंय जरा," आजोबा म्हणाले. "औषधी असंल."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. साडेनऊ वाजले होते. चौथा रविवारही गेला, भागुबाईला दिलेला शब्द गेला. यापेक्षा ती तिपाई काय वाईट होती?

मग भागुबाई उठली. गुडघ्यांवर हात देत, कळ दाबत रस्ता ओलांडून आली आणि तिने फुलपात्र उचलून हातात घेतलं. "ओ ताई, पुढं व्हा! रंग हाय त्यो, अंगावर उठंल! मामा, तीर्थ तिकडं, महाराजांकडं!" तीस वर्षं घाटावर ओरडून कमावलेला आवाज तो, रांग दोन मिनिटांत पांगली. आणि भागुबाई बाईंच्या उजव्या हाताशी तशीच उभी राहिली. बाईंनी ब्रश पुढे केला की ती फुलपात्र पुढे करी. पाणी गढूळ झालं की नळावर जाऊन बदलून आणी. चटईकडे कोणी वळलं की नुसती खाकरायची.

मग मात्र बाईंना कशाचीच शुद्ध राहिली नाही. झेंडू पेटला. बेलाची पानं ओली दिसायला लागली. ताडपत्रीचं भोक, त्यातून पडलेला उन्हाचा ठिपका, वजनकाट्याची वाकडी दांडी. मागची काळी भिंत त्यांनी एका दमात, न थांबता ओढली, आणि ती अशी उतरली की शेखर असता तर गप्प बसला असता. चौतीस वर्षांत इतकं स्वतःचं असं काही त्यांच्या हातून झालं नव्हतं.

समोर केरूचा टेम्पो येऊन लागला होता. त्याने ताडपत्री सोडली, टोपल्या चढवल्या, बैठकीचा पाट चढवला. बाईंना ते दिसलंही नाही, आता त्या कागदाकडेच बघत होत्या.

"झालं!" त्यांनी पॅड उचलून भागुबाईसमोर धरलं. "बघ."

भागुबाईने डोळे बारीक करून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "झेंडू लय भारी. भोक बी काढलंय बया!" हसली. मग बोट कागदाजवळ नेऊन, न टेकवता, म्हणाली, "पर वयनी, मी कुठं हाय?"

बाईंनी पॅड आपल्याकडे फिरवलं. टोपल्यांच्या मधे पाट होता. पाटाच्या मागे काळी भिंत, सलग, सुंदर, अखंड. जिथे माणूस बसतो तिथेही भिंतच. आता त्या काळ्यावर तिचा चेहरा कशाने उमटवणार? पांढरा रंगच नव्हता जवळ. आणि जी बाई काढायची ती तर सबंध सकाळ शेजारी उभी, पाणी धरून.

"राहू द्या वो," भागुबाई म्हणाली. "जागा तर आली ना. मी जागंचंच म्हनलं व्हतं."

"गप्प बस!" बाई असं खेकसल्या की टेम्पोवरून केरू वळून बघायला लागला. त्यांनी पॅडचा नवा कागद उलटला. "जा, बस तिथे."

"कशावर? पाट गेला. काय ऱ्हायलंच नाय तिथं."

"दुकान काढून झालंय माझं. आता तुला काढायचंय. जमिनीवर बस. केरू, इकडे ये, हे फुलपात्र धर."

"आये, उशीर होतोय," केरू म्हणाला, पण आला आणि धरलं.

भागुबाई मोकळ्या पायरीवर जाऊन भिंतीला टेकून बसली. पुढ्यात झेंडू नाही, सुई-दोरा नाही, द्रोण नाहीत. तिने पदर सारखा केला. हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग पुन्हा उचलले. तीस वर्षांत बाईंनी ते हात असे कधी पाहिलेच नव्हते.

"वयनी," ती तिथून म्हणाली, "हात कुठं ठिवू?"

सरोजिनीबाईंना कागद धूसर दिसायला लागला होता.

"ठेव कुठेही," त्या ओरडल्या. "पण हलू नकोस!"