‘न’पर्यंतची अक्षरं

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही बातमी टाकली, की दहा मिनिटांच्या आत भोयर काकांचा आवाज यायचा. ते टाइप करत नसत. सत्तरीला टेकलेला माणूस, सगळं आयुष्य अक्षरं काढण्यात गेलेलं, पण मोबाइलवरच्या अक्षरांचा त्यांना भयंकर राग. "हे का अक्षर होय? मुंगीचे पाय दिसतेत," म्हणायचे. म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असायचं : "कोनं सांगतलं? नाव सांग, गाव सांग."

ग्रुपचं नाव ‘रेघोटी परिवार’. रेघोटी हे मराठी अक्षरं काढायचं आणि मांडायचं एक सॉफ्टवेअर. एके काळी विदर्भातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यावर तयार होत, असं आम्ही अभिमानानं सांगायचो. माझं पुलगावला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुपूजनाची कार्डं, शाळांच्या स्मरणिका असली कामं मी करते. रेघोटीची शेवटची आवृत्ती आली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती बारावीला आहे. मधल्या सगळ्या वर्षांत कंपनीनं काय केलं? काही नाही. बंद केलं असं सांगितलं नाही, चालू आहे असंही सांगितलं नाही. आणि आम्ही ऐंशी-नव्वद शहाणीसुरती माणसं रोज त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसलो.

काय काय अर्थ लावले आम्ही! वेबसाइटच्या तळाशी लिहिलेलं साल बदललं, म्हणजे आत कुणीतरी काम करतंय. वेबसाइट चार दिवस उघडली नाही, म्हणजे नवीन बांधतायत. कंपनीनं माणसं पाहिजेत अशी जाहिरात दिली, म्हणजे नवी आवृत्ती नक्की. जाहिरात काढून टाकली, म्हणजे माणसं मिळाली. यवतमाळच्या एका गृहस्थांचं तर ठाम मत होतं की इतकी शांतता आहे म्हणजे काहीतरी प्रचंड मोठं शिजतंय. त्यावर पंचवीस जणांनी अंगठे दिले. त्यात माझाही होता. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

भोयर काका मात्र यवतमाळकरांवर तुटून पडले होते. "शांतता हाय म्हनजे कोनी नाई घरात. तुमी दारापुढं उभे राहून सैपाकाचा वास घेऊन राह्यले काय?"

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते हिंगणघाटला, त्यांच्या दुकानात. माझ्या एका कामात जोडाक्षरं तुटत होती आणि ग्रुपवर सगळे म्हणाले, भोयर काकांना विचारा. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, एक प्रिंटर, एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्या पडदाभर अक्षरं. काळी, जाड, मधूनमधून तुटलेली अक्षरं. मी विचारलं, ही कुठली?

"गाठीवरचे," ते म्हणाले.

तरुणपणी ते जिनिंग-प्रेसिंगमध्ये होते. कापसाची गाठ बांधून झाली की तिच्यावर मार्का मारायचा, हे त्यांचं काम. पत्र्याचा साचा कापायचा, गाठीवर धरायचा आणि वरून काळी शाई फिरवायची. साचे ते स्वतः कापत. मला त्यांनी कागदावर ‘व’ काढून दाखवला आणि त्याच्या गोलाला बोट लावून म्हणाले, "हे अक्षराचं पोट. पत्र्यात कापलं तं हे खाली गयून पडते. म्हून इथं पूल ठेवा लागते, बारीकसा. पूल कुठं ठेवाचा हे ज्याले समजलं, त्याले अक्षर समजलं." पुढे साच्यांचं काम बंद पडलं, पत्रे भंगारात गेले. कुणीही एक तुकडा ठेवला नाही. काकांनी मग दुकान टाकलं, कॉम्प्युटर शिकले, आणि पत्रिकांच्या कामातून वेळ काढून नऊ वर्षं ती साच्याची अक्षरं आठवून आठवून रेघोटीत काढली. स्वर, मात्रा, व्यंजनं, जोडाक्षरं मिळून सहाशेच्या वर आकार. प्रत्येकाचा पूल वेगळा. ती कुठेही नव्हती, फक्त त्यांच्या डोक्यात आणि त्या कॉम्प्युटरमध्ये.

अडचण अशी होती की रेघोटीतून ती बाहेर निघत नव्हती. अक्षरं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची सोय होती, पण त्यात जोडाक्षरांचा भुगा व्हायचा. शिवाय कंपनीनं चोरी होऊ नये म्हणून एक कुलूप घातलं होतं : ज्याच्या किल्लीवर अक्षरं काढली, त्याच्याच किल्लीवर ती फाइल उघडणार, आणि ती किल्ली एकाच कॉम्प्युटरला बांधलेली. कॉम्प्युटर बदलला तर कंपनीला फोन करून नवीन किल्ली घ्यायची. सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी या सोयीचं कौतुक केलं होतं. फोन उचलायला एक दिवस कुणीच उरणार नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

काकांच्या आलं. एका होळीनंतर त्यांनी ठरवलं, आता कुणाची वाट पाहायची नाही. छपाई तर होत होती. मग एकेक अक्षर कागदभर मोठं छापायचं, पेन्सिलीनं तपासायचं, आणि सगळी छापून झाली की कागद समोर ठेवून दुसऱ्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं काढायचं. आधी स्वर आणि मात्रा छापल्या, मग क, मग ख, प्रत्येकाच्या जोडाक्षरांसकट. मी फोन केला की सांगायचे, "आज ट संपला. लय भांडला माह्याशी." डोळ्यात मोतीबिंदू, तरी रोज चार-पाच कागद. पोळा येईतो ते ‘न’पर्यंत पोचले होते.

आणि तेव्हा मी तो मेसेज टाकला.

मी कंपनीत फोन लावला होता, हे खरं आहे. वीसेक वेळा लावल्यावर एका बाईंनी उचलला. मी नवीन आवृत्तीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "काम चालू आहे, दिवाळीपर्यंत बघू." बस्स, एवढंच. पण मी ग्रुपवर काय लिहिलं? "मी स्वतः कंपनीत बोलले. दिवाळीला नवीन रेघोटी येत आहे. जोडाक्षरांचा दोषही दुरुस्त होणार. विद्या कोल्हे, पुलगाव." जोडाक्षरांबद्दल तर त्या बाई चकार शब्द बोलल्या नव्हत्या. ते मी माझ्या पदरचं घातलं. का घातलं? सगळ्यांच्या आधी मला बातमी द्यायची होती. सगळ्यांनी मला हुशार म्हणायला हवं होतं. यापेक्षा उदात्त कारण शोधून सापडत नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.

खाली नाव होतं, गाव होतं. त्या दिवशी काकांचा नेहमीचा आवाज आला नाही. संध्याकाळी फोन आला, आवाजात मी कधी न ऐकलेला हुरूप. "पोरी, चांगलं केलं. आता हे दोनदा काऊन काढू? दिवाळीले सरळ बाहेरच काढू सगळे. तंवर डोयाचं ऑपरेशन करून घेतो." मी म्हटलं, हो काका, करून घ्या.

दिवाळी झाली. काही आलं नाही. यवतमाळकर म्हणाले, उशीर होतोय म्हणजे नीट करतायत. काकांनी मला विचारलं, "तुनं परत विचारलं काय?" मी विचारलं नव्हतं. म्हटलं, येणारच आहे काका, थोडं मागेपुढे. हे मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा उत्साहाच्या भरात केलं असं एखादा म्हणेल. दुसऱ्यांदा तोंड लपवायला केलं. पुढचीही दिवाळी तशीच गेली, आणि ‘प’ काही छापला गेला नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात हिंगणघाटला उन्हाचा कहर झाला. वीज येत-जात होती. एका दुपारी काकांच्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला. फाइल वाचली, ती पेन ड्राइव्हवर नीट निघाली. नवीन कॉम्प्युटर आणला, त्यावर रेघोटी टाकली, आणि तिनं किल्ली मागितली. काकांनी कंपनीला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई तीन भाषांत सांगत राहिली. ईमेल परत आले. आम्ही ग्रुपवरच्या सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडून पाहिली. कुणाच्याच किल्लीला ती उघडली नाही.

चार दिवसांनी काका दोन एसट्या बदलून पुलगावला आले. दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत उभे राहिले, स्टूल दिलं तरी बसले नाहीत. मी चहा सांगू लागले तर हात आडवा केला.

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"कंपनीतल्या बाईंनी, काका."

"नाव काय तिचं?"

मी नाव विचारलंच नव्हतं.

"जोडाक्षराचं बी तिनंच सांगतलं?"

मी नाही म्हटलं. ते माझं मीच लिहिलं होतं, असं सांगितलं. खोटं बोलायची आता हिंमत उरली नव्हती.

"मंग लिहिलं काऊन?" ते ओरडले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला. "बाकीच्याईचं मी कधी धरलं काय? त्याईच्या तोंडाले कुलूप नाई, मले मालूम. तुनं नाव लिहिलं होतं. मी तुया नावावर हात थांबवला. माहे हात कधी थांबले नाई, पन्नास वर्सं नाई थांबले!"

मी रडायला लागले. त्यानं ते जास्तच चिडले. "रडू नोको. तुया रडन्यानं प निघते काय?" म्हणाले आणि चालू लागले. मी मागे गेले, म्हटलं, काका, पुन्हा आठवून काढता येतील, मी मदत करते. ते वळले. "आता नाई आठवत. एकदा काढून ठेवलं नं, की डोकं सोडून देते." तेवढं एक वाक्य ते हळू बोलले. मग एसटी स्टँडकडे गेले.

लोक मला म्हणतात, त्यांनी तुला माफ केलं असेल. नाही केलं. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी ग्रुप सोडला. मी फोन केला की ‘हो’, ‘नाई’ एवढं बोलायचे आणि ठेवायचे. त्यांचा राग मला मान्य आहे. मला मान्य नाही ते त्या कंपनीचं वागणं. ‘आम्ही हे बंद करत आहोत, तुमच्या फाइली काढून घ्या,’ अशी एक ओळ लिहायला कुणाचं काय जात होतं? दुकान बंद करताना शटरवर खडूनं लिहितो आपण. एवढीही माणुसकी ज्यांच्याजवळ नाही त्यांनी लोकांच्या अक्षरांना कुलपं घालू नयेत. आणि आम्ही? आम्हाला रेघोटी नकोच होती बहुतेक. आम्हाला रोज सकाळी चघळायला काहीतरी हवं होतं.

या जानेवारीत काका गेले. झोपेतच गेले. मी ग्रुपवर कळवलं, आणि त्यांच्या फाइलचं काय झालं तेही सगळं लिहिलं, माझ्या चुकीसकट. श्रद्धांजलीचे हात जोडलेले पन्नासेक आले. त्यांच्या खाली यवतमाळकरांनी लिहिलं, "फाइल जपून ठेवा, ताई. नवीन आवृत्तीत उघडेल असं वाटतं." त्यावर अकरा अंगठे. मी ग्रुप सोडला.

पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा गजानन आला. तो अल्लीपूरला शिक्षक आहे. तेरवीची पत्रिका करायची होती. बरोबर काकांचे छापलेले कागद होते, फडक्यात बांधलेले. "ताई, मजकूर साधाच राहू द्या," तो म्हणाला. "नाव तेवढं बाबाच्या अक्षरात घ्या."

आम्ही दोघांनी कागद टेबलावर मांडले. महादेव भोयर. म नाही, ह नाही. द होता, त्याची मात्रा होती. व नाही. भ, य, र काहीच नाही. सगळं ‘न’च्या पुढचं. ज्या माणसानं सहाशे अक्षरं काढली त्याच्या नावातलं एक ‘दे’ तेवढं आमच्याजवळ होतं. गजाननला मी सगळं सांगितलं, त्यात माझा वाटा किती तेही. त्यानं ‘द’चा कागद जवळ ओढला. मग म्हणाला, "मंग ते एक तं टाका."

मी कागदावरून स्कॅन करून ते टाकलं. बाकीचं नाव सगळ्यांच्या पत्रिकांवर असतं त्या अक्षरात, आणि मधे ते एक जाड, काळं, पूल ठेवलेलं ‘दे’. पत्रिका वाटल्यावर तिघांनी दुकानात फोन केला. काकांच्या नावात एक अक्षर चुकलंय, म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तेवढं एकच बरोबर आहे, बाकीची चुकली आहेत.