रोजचा पूर

कॉलनीतल्या सगळ्याईले नमस्कार.

आज सकाळी न्हाणीत माझा पाय घसरला अन् मी पडलो. हाड मोडलं नाही, डॉक्टरचे नंबर पाठवू नका. पण मले उठता येईना. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. खूप हाका मारल्या. तुमचे टीव्ही चालू होते. पाऊण तासानं दूधवाल्यानं ऐकलं अन् मागच्या दारानं येऊन मले उठवलं.

तिथं पडल्या पडल्या त्रेसष्ट साल आठवलं. मी पूर्णा नदीकाठच्या खेड्यातला, पण नोकरी कोकणातल्या एका बंदरावर, बुडणाऱ्याईले वाचवणाऱ्या होडीवर. मायनं समुद्र कधी पाहिला नव्हता. भरती-ओहोटी तिले समजावी म्हणून मी लिहिलं, "इथं रोज दोनदा पूर येते अन् दोनदा उतरते."

माय घाबरली. गावच्या मास्तरकडून लिहून घेतलेलं तिचं कार्ड आलं, "रोज पूर येते तं तू तिथं काहून राहून राहिला? घरी ये."

मी उलट लिहिलं, "कोणी हाक मारली तं ऐकाले एक माणूस लागते, माय."

आमी पाळीपाळीनं किनाऱ्यावर कान देऊन बसत होतो. बहुतेक दिवस कोणीच हाक मारत नव्हतं. तरी बसत होतो.

उद्यापासून सकाळी आठ वाजता मी खिडकीतून एक हाक मारीन. उत्तर नाही दिलं तरी चालते. पण ज्या दिवशी हाक येणार नाही, त्या दिवशी पाहाले कोण येईल?