कुंपणापर्यंत
आमच्या इस्पितळातल्या दुभाषी मावशी तीस वर्षं फोनशेजारच्या त्याच डुगडुगत्या खुर्चीत बसतात. डोंगरावरच्या लोकांची भाषा आम्हाला ओ की ठो कळत नाही; मावशींची ती मायबोली. आणि भाषा इतकी सभ्य, की आजारी पडायची चोरी! तिथे कुणी लघवीला जात नाही, 'कुंपणापर्यंत' जातं. मरत नाही, 'दूर बसायला' जातं. मावशी रजेवर असताना एका म्हाताऱ्याचा निरोप कुणीतरी शब्दशः सांगितला: कुंपणापर्यंत जाववत नाही. डॉक्टरांनी गुडघ्याला मलम दिलं. परतल्यावर मावशींनी डॉक्टरांची अशी हजेरी घेतली, की तो एक शब्द त्यांना जन्माचा पाठ झाला.

आमच्या भाषेत मात्र मावशी काहीही बोलत. "ही आईनं शिकवलेली नाही ना, मग लाज कसली?"

त्या दुपारी वरून फोन आला. मावशींचे थोरले दीर. मावशींची लेक दिरांच्याच घरी तासाभरापूर्वी बाळंत झाली होती.

"ऊन उतरलंय," दीर म्हणाले.

"रक्त जातंय," मावशींनी सांगितलं.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं. "गाडी एकच आहे, खाणीतल्या जखमींकडे निघालीय. नेमकं सांगा."

"थेंबालाही ऊन, घागरीलाही ऊन. नेमकं कुठून आणू?" मावशी परत फोनवर वळल्या. "भाऊजी, फोन बायकांकडे द्या."

"त्या तिला धरून बसल्यात. फोन भिंतीला खिळलेला."

"मग ऊन अंगणात आहे की ओसरीवर?"

"ऊन म्हणजे ऊन. पुढे विचारू नकोस."

थोरला दीर आणि भावजय यांच्यात रक्ताचा उघडा शब्द निघाला, की दोघांचं बोलणं जन्मभरासाठी बंद. मावशींनी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि शब्द उच्चारला. पलीकडून मग शेवटचं एकच वाक्य आलं.

"गादी भिजून जमिनीवर आलंय," मावशी आम्हाला म्हणाल्या.

गाडी डोंगराकडे वळली. खाणीवाल्यांना ट्रकवर भागवायला सांगितलं. चढ तीन तासांचा.

तासाभरात पुन्हा फोन. "भाऊजी?" उत्तर नाही. नुसता श्वास. "अहो, दूर बसली का, एवढं तरी सांगा!" श्वास. म्हातारा नियमाचा पक्का! मावशींनी रिसीव्हर डॉक्टरांच्या कानाला दाबला. "तुम्ही विचारा. मी सांगते तसं म्हणा."

डॉक्टरांनी तीन शब्द कसेबसे उच्चारले. पलीकडून भडाभडा उत्तर आलं. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या. मग ते ओरडले, "कुंपण! कुंपणापर्यंत जायचंय म्हणतात!"

"कुणाला?"

"ते नाही कळलं."

"लेकीलाच. म्हणजे आहे ती," मावशी मटकन खाली बसल्या. "दुसऱ्या कुणाचं कशाला सांगतील?"

"उठवू नका म्हणावं! झोपल्या जागीच होऊ द्या, पोट चोळत राहा. मावशी, शब्द द्या, लवकर!"

मावशी जमिनीवरून एकेक शब्द वर देत होत्या, डॉक्टर ते फोनमध्ये ओतत होते. गाडी अजून अर्ध्या चढावरही पोचली नव्हती.